‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे काय?

आपल्या जांबोटीच्या परिसरात कोणाचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा जीभ जड झाली, की बातमी एकाच वाक्याने घरोघर पोहोचते. ‘त्यांच्या अंगावरून वारे गेले.’ हा वाक्प्रचार मराठी मुलखात दूरवर रूढ आहे. प्राचीन वैद्यांनी पक्षाघाताची गणना वातविकारांत केली होती, आणि वात म्हणजे वारा, असा सरळ अर्थ लोकांनी घेतला. शब्द जुना आहे म्हणून टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. परंतु या शब्दाने एक मोठा अनर्थ केला आहे. वारे जसे येते तसे जाते, तद्वत हा विकारही उतरून जाईल, अशी आशा घरातल्या माणसांना वाटत राहते. मग तेल गरम होते, अंग चोळले जाते, विटेचा शेक दिला जातो. कोणी जाणता म्हणून बोलावला जातो आणि तो झाडपाल्याचा रस नाकात पिळतो. कोठे कोठे तर कबुतराचे रक्त चोळण्याची रीतही आहे. सकाळी गाडी ठरवू, असे म्हणता म्हणता रात्र निघून जाते. त्या एका रात्रीची किंमत किती असते, हे आपल्या कुटुंबांना नीट कळावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की लुळा पडतो तो हात, पण दुखणे हाताचे नव्हे. ते डोक्यात असते. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर या वैद्याने १६५८ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की अशा रीतीने कोसळलेल्या माणसांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला आढळतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यानेही हा प्रकार घडू शकतो. म्हणजे ही गोष्ट वैद्यकशास्त्राला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ विदित आहे. आपल्या घराघरांत मात्र ती अद्याप पोहोचलेली नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या एकंदर वजनाच्या अवघे दोन टक्के असते. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा घेतो. त्याच्याजवळ साठवण अशी काहीच नसते. रक्त थांबले की काही मिनिटांतच त्या त्या भागातील पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब तज्ज्ञांनी मांडला आहे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. शिवाय बहुतेकांची वाणी डाव्या भागात वसते. म्हणूनच ज्याची उजवी बाजू जाते त्याचे बोलणेही पुष्कळदा जाते.

आता या विकाराचे प्रकार. भातशेती करणाऱ्या माणसाला ते समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. शेताला पाणी नेणाऱ्या पाटात गाळ साचला आणि तो तुंबला, तर पुढचे वाफे कोरडे पडतात. उलट बांध फुटला, तर पाणी नको तेथे शिरते, रोपे कुजतात आणि पुढच्या वाफ्यांना पाणी मिळत नाही ते नाहीच. पिकाचे नुकसान दोन्हीकडे होते. पण कारणे परस्परविरुद्ध आहेत. मेंदूचेही असेच. रक्ताची गुठळी अडकून वाहिनी तुंबते, हा पहिला आणि अधिक आढळणारा प्रकार. दुसऱ्या प्रकारात वाहिनी फुटून मेंदूत रक्त पसरते. हा प्रकार संख्येने कमी, पण अधिक घातक असतो. गुठळी कधी त्याच जागी तयार होते. कधी ती हृदयात किंवा मानेतील धमनीत तयार होऊन रक्ताबरोबर वर चढते.

पाट तुंबला असेल तर गाळ काढायचा, बांध फुटला असेल तर तो बुजवायचा. तुंबलेल्या वाहिनीसाठी दिलेले गुठळी विरघळवणारे औषध फुटलेल्या वाहिनीच्या रुग्णाला दिले, तर ते विषासारखे ठरेल. आणि बाहेरून पाहून यांतला कोणता प्रकार आहे हे निश्चित सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही साधत नाही. हात दोघांचाही लुळाच, तोंड दोघांचेही वाकडेच. फुटलेल्या वाहिनीत डोकेदुखी, वांती आणि बेशुद्धी अधिक दिसते खरी, परंतु त्यावर विसंबून औषध देता येत नाही. सीटी स्कॅनच्या यंत्राने ही कोंडी फोडली. १९७१ साली इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले गेले. त्या कार्यासाठी त्यांना कॉर्मॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूत रक्त सांडले असेल तर ते या चित्रात पांढरे उठून दिसते. तपासणीला अवघी काही मिनिटे लागतात. त्याबरोबर रक्तातील साखर पाहतात, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच लुळा पडल्यासारखा दिसतो. आणि हृदयाचा आलेख काढतात. एमआरआय, मानेच्या धमन्यांची तपासणी वगैरे गोष्टी गरजेप्रमाणे होतात.

येथून पुढचा भाग वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, किंबहुना घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.

रोगाची ओळख पटवायला डॉक्टर असावे लागत नाही. माणसाला हसायला सांगा. ओठाचा एक कोपरा खाली ओघळतो का पाहा. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा. एक हात आपोआप खाली येतो का पाहा. एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात का, अर्थहीन येतात का ते ऐका. या तिहींतील एक जरी गोष्ट अकस्मात दिसली, तरी तो पक्षाघात समजून चालावे. एकाएकी तोल जाणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, एकाचे दोन दिसणे, पूर्वी कधी न झालेली भयंकर डोकेदुखी ही लक्षणेही त्याच जातीची. नुसता चेहरा वाकडा होण्याचा एक वेगळा, कमी धोक्याचा विकार आहे. पण तो निवाडा डॉक्टरांवर सोपवावा, ओसरीवर बसून करू नये.

कधी कधी ही लक्षणे पाच-दहा मिनिटांत किंवा तासाभरात पूर्ण नाहीशी होतात. घरात हायसे वाटते, आणि ‘वारे आले नि गेले’ या समजुतीला बळकटी येते. सर्वांत फसवा प्रसंग हाच होय. गुठळी क्षणभर अडकून सुटली, एवढाच त्याचा अर्थ असतो. खऱ्या आघाताचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. असा माणूस हिंडताफिरता दिसला तरी त्याच दिवशी त्याला इस्पितळात नेले पाहिजे. त्या वेळी तपासणी होऊन औषध सुरू झाले, तर येणारे मोठे संकट पुष्कळदा टळते.

आता वेळेचे गणित पाहू. गुठळी विरघळवणारे औषध रोग सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास लाभ होतो, हे अमेरिकेतील प्रयोगाने १९९५ साली सिद्ध झाले; २००८ साली युरोपातील प्रयोगाने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. त्यानंतर ते सहसा देत नाहीत. मोठी वाहिनी तुंबली असेल तर मांडीतील धमनीतून बारीक नळी वर सरकवून गुठळी ओढून काढण्याची क्रिया २०१५ पासून मान्यता पावली आहे. ती सहा तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करता येते. पण ती मोठ्या केंद्रांतच होते. तेव्हा आपल्यासारख्यांनी साडेचार तास हीच मर्यादा मनात धरावी.

जांबोटीहून बेळगाव सुमारे तीस किलोमीटर. गाडी दारात उभी असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर एक तास धरा. इस्पितळात पोहोचल्यावर तपासणी, रक्त, स्कॅन आणि निर्णय यांत चांगल्या ठिकाणीही एक तास जातो. म्हणजे साडेचारपैकी दोन तास गेले, उरले अडीच. हे अडीच तास सर्वस्वी आपल्या हातांत असतात, आणि ते आपण तेल तापवण्यात, भावकीला बोलावण्यात, पैशांची जमवाजमव करण्यात व ‘थोडे थांबून पाहू’ म्हणण्यात घालवतो. चोर्ला घाटाच्या या रस्त्यावर पावसाळ्यात झाड आडवे पडले किंवा वाहने अडकली, तर अडीचाचा एकच तास उरतो. भीमगडच्या रानातील आमगावासारख्या वस्त्यांची गोष्टच निराळी. तेथून पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून वाहून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्या लोकांना वेळेचे महत्त्व सांगताना माझी मान खाली जाते, कारण तेथे दोष माणसांचा नसून रस्त्याचा आहे. परंतु जांबोटीच्या बाजारपेठेत राहणाऱ्याला ही सबब नाही.

आणखी एक बारकावा. घड्याळ सुरू होते ते रुग्ण सापडल्यापासून नव्हे, तर तो शेवटचा धडधाकट दिसल्यापासून. आजोबा रात्री दहाला जेवून झोपले आणि पहाटे चारला लुळे आढळले, तर डॉक्टर दहापासून मोजतील. म्हणून ‘शेवटी नीट बोलताना त्यांना कोणी, किती वाजता पाहिले’ या प्रश्नाचे उत्तर घेऊनच इस्पितळात जावे. वेळ उलटून गेली असे वाटले तरी निराश होऊन घरी थांबू नये. काही रुग्णांत विशेष स्कॅनने मेंदूचा वाचवण्याजोगा भाग ओळखता येतो, आणि विशेष कक्षातील शुश्रूषेने प्राण व अपंगत्व दोन्ही बाबतींत फरक पडतो.

तोवर काय करावे? १०८ क्रमांकाला हाक द्यावी. गाडी यायला उशीर दिसला तर शेजाऱ्याची मोटार घ्यावी. रुग्णाला एका कुशीवर निजवावे, म्हणजे वांती झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात काहीही घालू नये: पाणी नको, चहा नको, कांद्याचा रस नको, गोळीही नको. गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि दिलेला घोट फुप्फुसात उतरतो. हृदयविकारात ॲस्पिरिन देतात असे ऐकून काही सुशिक्षित तरुण येथेही ती देऊ पाहतात. स्कॅन होण्यापूर्वी ती देणे धोक्याचे आहे, कारण वाहिनी फुटलेली असू शकते. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घरच्या घरी जास्तीची गोळी देऊन तो झटकन उतरवू नये. रुग्ण रोज घेत असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, शिधापत्रिका, आधार आणि आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचे कार्ड एका पिशवीत आधीपासून ठेवलेले असावे. वाटेत दोन ठिकाणी सलाईन लावण्यासाठी थांबू नये. जेथे स्कॅन व मेंदूविकारतज्ज्ञ रात्रीही उपलब्ध असतील, तेथेच जावे. बेळगावात बिम्सचे जिल्हा इस्पितळ आहे, केएलईचे प्रभाकर कोरे इस्पितळ आहे. कोणाकडे कोणती सोय कोणत्या वेळी आहे, याची चौकशी प्रत्येक कुटुंबाने शांततेच्या दिवशीच करून ठेवावी.

या ठिकाणी धर्मगुरू म्हणून एक सांगणे भाग आहे. पुष्कळ घरांतून पहिला निरोप आमच्याकडे येतो. रुग्णाभ्यंगाचा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी आहे, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. तो आजाऱ्यांसाठी आहे, आणि तो इस्पितळाच्या खाटेजवळही देता येतो. रुग्ण शुद्धीवर नसला तरी देता येतो. तेव्हा आधी गाडी बोलवावी, मग फादरांना. फादर मागाहून इस्पितळात येतील. त्याचप्रमाणे पक्षाघात झालेल्याला कम्युनियन देण्यापूर्वी त्याला गिळता येते असे डॉक्टरांनी सांगितले आहे काय, हे घरच्यांनी धर्मगुरूंना आवर्जून कळवावे.

हा विकार शहरातल्या लठ्ठ श्रीमंतांचा, असा एक भ्रम आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली हा जिल्हा रानावनाचा, गरिबांचा. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ खेड्यांतील मृत्यूंची नोंद एप्रिल २०११ ते मार्च २०१३ अशी दोन वर्षे ठेवली. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकंदर १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले होते. म्हणजे सातांतला एक. इतर कोणत्याही एका कारणाने एवढी माणसे दगावली नव्हती. मृतांचे सरासरी वय सदुसष्ट वर्षे, आणि त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया. यांपैकी ८७ टक्के लोक घरीच वारले, तर ४६ टक्के आघातानंतर पहिल्या महिन्यातच. हे आकडे आपल्या तालुक्याचे नव्हेत. परंतु खानापूरच्या रानातील खेडी आणि गडचिरोलीची खेडी यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

कारणांत पहिला मान उच्च रक्तदाबाचा, आणि तो दुखत नाही हीच त्याची कपटनीती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी डोके दुखत असल्याचे सांगून कोसळले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० भरला होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाजवळ त्या वेळी रक्तदाबावर परिणामकारक अशी गोळी नव्हती. आज ती आपल्या आरोग्य केंद्रात मिळते, आणि माणसे ती बरे वाटू लागताच बंद करतात! बरे वाटते ते गोळीमुळे, हे त्यांना कोणी पटवून द्यावे? पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, वयाच्या ८८ व्या वर्षी पक्षाघाताने निवर्तले; व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय दाखल्यात उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांचाही उल्लेख होता. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर मोजून घ्यावी. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब वारंवार भरला, तर उपचार हवा.

मिठाविषयी बोलले म्हणजे स्वयंपाकघरातून नाराजी येते, याची मला कल्पना आहे. दिवसाकाठी पाच ग्रॅमहून, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सुके बांगडे, सुके सुंगट, लोणचे आणि पापड यांवर निघतात. एका जेवणातच ती मर्यादा संपत असेल. सुकी मासळी टाकून द्या असे मी म्हणत नाही. ती पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घ्यावी आणि आमटीत पुन्हा मीठ घालू नये.

तंबाखूचे काय सांगावे! निपाणीचा तंबाखू सर्व देशात गेला, आणि आपल्याच घरांत सर्वांत स्वस्त झाला. पुरुषांची विडी निदान दिसते तरी. आयाबायांची मिशरी कोणाच्या हिशेबातच नसते. दात घासण्याच्या निमित्ताने सकाळ-संध्याकाळ हिरडीवर चोळलेली ती भाजकी पूड म्हणजे तंबाखूच होय. मद्याविषयी मी व्यासपीठावरून पुरेसे बोललो आहे. येथे एवढेच की अति मद्यपान रक्तदाब चढवते आणि वाहिनी फुटण्याचा धोका वाढवते.

तरुणांतही हा विकार होतो. लहानपणी घसा धरून ताप येतो, सांधे सुजतात, आणि त्यातून हृदयाची झडप निकामी होते. पुढे नाडी अनियमित चालू लागली की हृदयात गुठळ्या धरतात व त्यांतील एखादी मेंदूकडे जाते. म्हणून सांधेतापाच्या मुलाला डॉक्टरांनी सांगितलेली पेनिसिलिनची इंजेक्शने वर्षानुवर्षे चुकवू नयेत. बाळंतिणींत आणखी एक प्रकार दिसतो: मेंदूतून परत येणाऱ्या नीलांमध्ये रक्त गोठणे. बाळंतपणानंतर रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेले असते, आणि पाणी कमी प्यायल्याने तो धोका वाढतो. ‘बाळंतिणीला पाणी वर्ज्य’ ही रीत ज्या घरांत उरली असेल, तेथील आजीबाईंनी ती आजच सोडावी. बाळंतिणीला न थांबणारी डोकेदुखी, झटका किंवा अंगाला लुळेपणा आला, तर ती बाहेरची बाधा नव्हे; तिला तत्काळ इस्पितळात न्यावे.

आघातातून वाचलेल्या माणसाची खरी लढाई घरी आल्यावर सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. लुळा हात रोज हलवला नाही तर तो आखडून बसतो. व्यायामतज्ज्ञाने शिकवलेल्या हालचाली घरातील एखाद्या मुलीने किंवा सुनेने शिकून घेऊन दिवसातून तीन-चार वेळा करून घ्याव्यात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत झपाट्याने होते. तो काळ केवळ मालिशीत घालवू नये. रुग्ण कारण नसता रडतो किंवा हसतो, तो त्या दुखण्याचाच भाग असतो. त्याला हिणवू नये. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असेही नव्हे. त्याच्यादेखत त्याच्या शेताच्या वाटणीच्या गोष्टी करणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

लुई पाश्चर यांना १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि डावा हात-पाय कायमचा अधू राहिला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस त्यांनी १८८५ साली, म्हणजे त्यानंतर सतरा वर्षांनी माणसाला दिली. आपल्या मराठी मुलखात जोतीराव फुले यांना १८८८ साली हा विकार झाला. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. उजव्या हाताने लेखणी धरवेना, तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पूर्ण केले. १८९० च्या नोव्हेंबरात ते निवर्तले. पुस्तक पुढच्या वर्षी छापून निघाले.

ज्याला एकदा आघात झाला, त्याला दुसरा होण्याचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो. म्हणून रक्तदाबाची, साखरेची आणि रक्त पातळ ठेवण्याची जी औषधे दिली असतील, ती हात-पाय चालू लागल्यावरही सुरूच ठेवावी लागतात. गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधी पुढची पाकिटे घरात असावीत. जांबोटीत जून-जुलैमध्ये पाऊस लागला की बेळगावची खेप आठ-आठ दिवस पुढे ढकलली जाते. तेव्हा मेअखेरीसच दोन महिन्यांचे औषध आणून ठेवलेले बरे.